घरटं सापडलंय? मग कुणाला सांगायचं नाही ते आधी ठरवा

अभिनंदन! घरटं सापडणं हा पक्षी छायाचित्रणातला सोपा भाग. जून-जुलैत कोकणात थोडा चिखल तुडवला, ओढ्याकाठच्या दरडींकडे नीट लक्ष ठेवलं, की कधीतरी एखाद्या बिळातून तिबोटी खंड्या सुर्रकन निघून जाताना दिसतोच. चिमणीएवढा जीव, पायाला तीनच बोटं आणि अंगावर लग्नाच्या मांडवातल्यासारखे जांभळे, नारिंगी, पिवळे रंग. अवघड भाग आता सुरू होतो. ही जागा सांगायची कुणाला आणि लपवायची कुणापासून?

बंदूकवाल्या शिकाऱ्यांनाही हाच घोर असायचा. सांबर कुठल्या पाणवठ्यावर उतरतं हे सख्ख्या भावालाही न सांगणारी माणसं होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदुका भिंतीवर गेल्या आणि हा घोर आपल्या वाट्याला आला. सोबत हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे आले आणि पहाटे चारला उठून अख्ख्या घराची झोप मोडण्याची परंपराही आली. आपण कुणाला मारत नाही, एवढा फरक आहेच. तो लोकांना वरचेवर सांगत चला, कारण नुसतं बघून तो सगळ्यांच्या लक्षात येतोच असं नाही.

फोटो टाकताना जागेच्या रकान्यात ‘पश्चिम घाट’ असं लिहावं. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीच्या तोंडापर्यंत साधारण 1600 किलोमीटर. विचारणाऱ्याला फिरायला तेवढा वाव पुरे. खाली एक ओळ मात्र हवीच: ‘पक्ष्याच्या सुरक्षिततेसाठी ठिकाण जाहीर करत नाही.’ ही ओळ टाकली की माणूस जागच्या जागी संवर्धक होतो. काल दुपारी त्याच दरडीसमोर ओळीने उभ्या असलेल्या ट्रायपॉडपैकी एक आपला होता, असल्या बारीकसारीक गोष्टी कॅप्शनमध्ये मावत नाहीत.

आनंदाच्या भरात एक चूक मात्र टाळा. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून तो ग्रुपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका. त्या फाइलसोबत अक्षांश-रेखांशही जसेच्या तसे जाऊ शकतात. हंगामभर बायकोलाही ताकास तूर न लागू देणारे कित्येक सज्जन असे एका रात्रीत उघडे पडले आहेत.

ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, संवेदनशील प्रजातींच्या नोंदी नकाशावर नेमक्या ठिकाणी दिसत नाहीत, वीस-वीस किलोमीटरच्या चौकोनात विरघळून जातात. ज्यांनी ही सोय केली त्यांच्या डोळ्यांसमोर फासेपारधी, पिंजरेवाले आणि चोरटे शिकारी असणार. आपल्या डोळ्यांसमोर ठाण्याचे ते डॉक्टर आहेत, ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा मोठी लेन्स आहे. धोका ज्याने-त्याने आपापल्या परीने ओळखायचा असतो.

आता सांगायचं कुणाला? काहीजण म्हणतात, कुणालाच नाही. हा भाबडेपणा झाला. जागा ही चलनात राहिली तरच तिला भाव. रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाची एखादी बसायची फांदी तुमच्या हाती असेल, तर त्या बदल्यात तिबोटीची दरड, भिगवणपर्यंत गाडीत मागची सीट आणि वर नाश्ता एवढं सहज पदरात पडतं. साध्या पिंगळ्याला कुणी चहाही पाजत नाही. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, म्हणजे नवा कॅमेरा घेतलेला, डोळ्यांत तेज वगैरे असलेला कॉलेजचा पोरगा, त्याच्याशी मात्र तत्त्वाने वागावं.

‘सर, कुठं मिळाला हो?’

‘अरे, तिकडेच, माणगाव साइडला. भेटू तेव्हा बोलू.’

मग भेटायचं नाही. पुढच्या महिन्यात त्याला ‘नव्या पिढीत फील्डवर्कची चिकाटी उरली नाही’ या विषयावर दोन शब्द ऐकवायचे.

‘फक्त तुलाच सांगतोय हं, पुढे जाऊ देऊ नकोस’ हे वाक्य पाठ करून ठेवा. ज्याला हे सांगितलं जातं तोही पुढे नेमकं हेच वाक्य वापरतो, म्हणून जागा बघता बघता चारशे जणांना ठाऊक होते आणि त्यातला प्रत्येकजण ती एकट्यालाच माहीत असल्यासारखा दबक्या पावलांनी येतो. रविवारी सकाळी गावाच्या फाट्यावर एकमेकांच्या गाड्या दिसल्यावर सगळे जे चेहरे करतात, ते टिपायला खरं तर एखादा छायाचित्रकार पाहिजे.

काहीजण याच्या पुढे जातात आणि सरळ खोटी जागा सांगतात. या वाटेला लागण्याआधी संप्रदायाच्या आद्यपुरुषाला वंदन करावं: कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन. इंग्रज लष्करी अधिकारी, नामांकित पक्षीतज्ज्ञ आणि, नंतर उघड झालं त्याप्रमाणे, नामांकित चोर. आपल्या रानपिंगळ्याची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. 1873 मध्ये ए. ओ. ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने या घुबडाची शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर मोजके नमुने मिळाले, त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले. 1884 नंतर पक्षी कुणाला दिसेना. अपवाद फक्त आपल्या कर्नलसाहेबांचा. त्यांच्या संग्रहातल्या एका नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: गुजरातेतलं मांडवी, साल 1914.

म्हणजे शेवटचं ठिकाण ठरलं मांडवी. लोकांनी या घुबडाला शोधायचे प्रयत्न केले. शोधणाऱ्यांत सालिम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारखी माणसं होती. मिळालं काही नाही. पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी कर्नलसाहेबांचे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कळलं की हा पक्षी मांडवीला कधी मारलेलाच नव्हता. ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचा जुना नमुना उचलायचा, भुसा बदलायचा आणि स्वतःची चिठ्ठी बांधायची, असा कारभार होता. ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या जुन्या जागांच्या मागावर निघाले. आधी पूर्वेकडच्या जागा रिकाम्या निघाल्या. मग नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला सापडला. मध्ये 113 वर्षं गेली होती.

एका खोट्या चिठ्ठीची ताकद बघा. तुमचं ‘माणगाव साइड’ फार तर एका रविवारपुरतं टिकतं. कर्नलसाहेबांच्या पंगतीला बसायचं तर मेहनत वाढवावी लागेल. सोबत चोरीही करावी लागते हे खरं, पण दुसऱ्याच्या फोटोवरचा वॉटरमार्क पुसण्यापर्यंत आपल्यातले काही पोचलेच आहेत. पाया तयार आहे.

दुसऱ्या टोकाला दिलदार मंडळी असतात. ‘निसर्ग सगळ्यांचा आहे’ असं म्हणून थेट पिन टाकणारी. त्यांच्या औदार्याचं फळ बघायचं तर हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर जावं. तिथे नावाड्यांना आणि चिलापीच्या थाळीवाल्यांना चार पैसे मिळतात, ही या सगळ्या व्यवहारातली बहुधा एकमेव निर्मळ गोष्ट. बाकी होडीत बसल्या-बसल्या कानावर पडतं: ‘काका, जरा उडवा ना! उडतानाचाच पाहिजे.’ थव्यातले रोहित (फ्लेमिंगो) माना खाली घालून चिखलात चरत असतात. काका बिचारे गिऱ्हाईक म्हणून होडी आत घालतात. पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग उघडतो, शटर खडखडतात, थवा पुढे जाऊन उतरतो. तोवर मागच्या होडीची पाळी आलेली असते. घरी येऊन फोटोला ‘स्वातंत्र्य’ असं शीर्षक द्यावं.

तिबोटीच्या दरडीपाशी एवढा आरडाओरडा नसतो. तिथे सगळं शिस्तीत चालतं. कुणीतरी आधी ‘आडवी येणारी फांदी’ काढतो. ती फांदी कुणाच्या आड येत होती, आपल्या की धामणीच्या आणि कावळ्याच्या, हा विचार प्रकाश चांगला असताना करू नये. बिळासमोर सोयीच्या अंतरावर एक शेवाळलेली काठी रोवली जाते, कारण पक्ष्याची स्वतःची काठी मागच्या हिरव्यात नीट उठून दिसत नाही. मग बाप येतो, चोचीत सापसुरळी आडवी धरून. एरवी तो सरळ बिळात शिरला असता. आज काठीवर बसतो. मान वाकडी करून तुमच्याकडे बघतो, शेपटी खालीवर करतो, उडून दुसऱ्या फांदीवर जातो, पुन्हा काठीवर येतो. सापसुरळीची शेपटी अजून वळवळत असते. आत पिल्लांची किरकिर ऐकू येते. तो जात नाही. तुम्ही एकामागून एक फ्रेमा घेत असता आणि शेजारचा कुजबुजतो, ‘काय पोज देतोय राव!’

इथे कुणाला शंका आलीच, तर ती कोणत्याही ग्रुपवर मांडू नका. तो जितका वेळ आत जायला भितो तितके आपले फोटो चांगले येतात, हे गणित एकदा कळलं की माणूस कामातून जातो. बऱ्याच स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेत नाहीत, त्यावरही उपाय आहे. बीळ कापून टाकलं की उरतो फक्त काठीवरचा पक्षी. भक्ष्य चोचीत घेऊन तो एवढा वेळ काठीवर कशाला बसला असेल, हे परीक्षकांनी विचारू नये एवढीच प्रार्थना.

एक सूचना वाचनाबद्दल. 1972 च्या त्या कायद्याचं दुसरं कलम शक्यतो उघडूच नका. तिथे ‘शिकार’ कशाला म्हणायचं ते लिहून ठेवलंय आणि मारणं, पकडणं यांच्याच रांगेत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही बसवलंय. म्हणजे बंदुका भिंतीवर गेल्या तरी आपण त्याच यादीत. असली माहिती कळली की हात थरथरतो आणि 600 मिलिमीटरच्या लेन्सला हात थरथरून चालत नाही.

मुळात ती दरड सापडली कुणाला, हा विषयही काढू नये. सापडली होती गावातल्या एका गुराखी पोराला. त्याने ती तुम्हाला दाखवली, तुम्ही त्याच्या हातात नोट ठेवली आणि ‘कुणाला सांगू नकोस हं’ असं बजावलं. तो हसला. हसण्याचं कारण, अख्ख्या वाडीला ते बीळ दरवर्षी माहीत असतं. त्याची आजी म्हणे त्या वळणावर गवत कापायला जाताना पोरांना हळू बोलायला लावते. तिच्याकडे कॅमेरा नाही, तेव्हा तिचं ज्ञान नोंदीत धरायचं कारण नाही.

आणि आता मुख्य सल्ला. जागा कितीही जणांना सांगा, तीन माणसांना मात्र चुकूनही सांगू नका: सरपंचांना, वनरक्षकाला आणि रस्तारुंदीकरणाचं काम घेतलेल्या ठेकेदाराला. ओढ्याकाठची ती दरड रस्त्याच्या कडेलाच आहे. तिच्यावर चुन्याची पांढरी रेघ मारलेली तुम्हीच पाहिली होती, किंबहुना ती फ्रेममध्ये येऊ नये म्हणून थोडं डावीकडे सरकला होतात. ‘दादा, हा तेवढा तुकडा सप्टेंबरपर्यंत राहू द्या, आत पिल्लं आहेत’ एवढं सांगायला ग्रामपंचायतीत जावं लागलं असतं. कुणीतरी ऐकलंही असतं, कारण पावसात दरड खोदायची ठेकेदारालाही काही हौस नसते. पण मग जागा फुटली असती. सरपंचांनी मेहुण्याला सांगितलं असतं, मेहुण्याकडे नवा कॅमेरा असता. इतकी जोखीम घेऊ नये.

जेसीबी येऊन गेल्यावर मात्र गप्प बसायचं नाही. लाल मातीच्या सपाट भिंतीचा मोबाइलवर एक फोटो काढा आणि शेजारी आपला तो सापसुरळीवाला फोटो लावा, वॉटरमार्क जरा मोठा ठेवून. विकासाच्या नावाने चार कडक ओळी लिहा, वनखात्याला टॅग करा, ‘आपण कधी जागे होणार?’ असं विचारा. डॉक्टरही खाली रडका चेहरा टाकतील. आणि या पोस्टला पिन अगदी अचूक टाका, दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. आता तिथे जाऊन कुणी आपल्यापेक्षा चांगला फोटो काढायची भीती नाही.