बॅलेचा भाग कसा सुटला?

‘आय लव्ह ल्यूसी’ या जुन्या अमेरिकी विनोदी टीव्ही मालिकेतल्या १९५७ च्या टँगो नाचाच्या भागाबद्दल तुम्ही लिहिलंत, छान. ल्यूसीने कपड्यांत लपवलेली अंडी फुटतात तेव्हा हसून मुरकुंडी वळतेच. पण नाच शिकण्याची खरी फजिती १९५२ च्या ‘द बॅले’ या भागात आहे. नवऱ्याच्या, म्हणजे रिकीच्या, क्लबातल्या कार्यक्रमात शिरायचं म्हणून ल्यूसी बॅलेच्या वर्गात जाते. मेरी विक्सने रंगवलेली शिक्षिका कमालीची करडी, आणि हिचा पाय आडव्या दांड्यात अडकलेला! तरी चेहऱ्यावर नर्तकीचा तोरा कायम. हे सगळं समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे, तीन कॅमेऱ्यांवर चित्रित व्हायचं. त्यामुळे तो हशाही अस्सल वाटतो. बायकोला रंगमंचापासून लांब ठेवण्याचा रिकीचा हट्ट मात्र आता बघताना खटकतो बुवा.