पाकिस्तानने अक्साई चीन ‘दिला’ म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर थोरल्या काकांनी ‘शाळेत न शिकवलेला काश्मीरचा भूगोल’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर पाठवला. असले मजकूर मी एरवी न वाचताच पुढे सरकतो. या वेळी तसे करता आले नाही, कारण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणारी माझी भाची रविवारी जेवायला आली, तेव्हा तिच्या वहीत त्यातली चार विधाने हिरव्या शाईने चौकट करून उतरवलेली दिसली. ‘मामा, पूर्वपरीक्षेला हे विचारू शकतात,’ असे तिचे म्हणणे. विचारतीलही, पण त्या चौकटीतले उत्तर लिहिले तर गुण जातील.

ती चार विधाने अशी: पाकिस्तानने 1963 साली अक्साई चीन चीनला देऊन टाकला, पाकव्याप्त काश्मीर म्हणजे मुझफ्फराबाद आणि मीरपूर, नियंत्रण रेषा आणि प्रत्यक्ष ताबा रेषा ही एकाच रेषेची दोन नावे आहेत, आणि 2019 नंतर संयुक्त राष्ट्रांनी आपला नकाशा बदलून सगळा प्रदेश भारतात दाखवला.

सगळ्यात चीड आणणारे विधान पहिले आहे. 2 मार्च 1963 रोजी पेकिंगमध्ये पाकिस्तान आणि चीन यांच्यात सीमाकरार झाला आणि त्यावर भुट्टो आणि चेन यी या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या, इथपर्यंत ते बरोबर आहे. मात्र त्या कराराने चीनकडे गेला तो काराकोरम पर्वतरांगेच्या उत्तरेकडच्या शक्सगाम खोऱ्याचा भाग, म्हणजे भारत सरकारच्या आकड्यानुसार 5,180 चौरस किलोमीटर. लडाखमधला जो प्रदेश चीनने बळकावला आहे तो सुमारे 38,000 चौरस किलोमीटर असून त्यातला बहुतेक भाग अक्साई चीनचा आहे. ताटे उचलल्यावर अप्पा बळवंत चौकातून कधी काळी आणलेला भिंतीवरचा नकाशा आम्ही टेबलावर पसरला आणि भाचीला काराकोरम खिंडीवर बोट ठेवायला सांगितले. करारातली रेषा पश्चिमेकडून येते आणि या खिंडीपाशी संपते. आता अक्साई चीन दाखव म्हटल्यावर तिचे बोट खिंड ओलांडून उजवीकडे सरकले आणि तिथेच थांबले. त्या बाजूचा एक दगडही पाकिस्तानच्या ताब्यात कधी नव्हता. चीनने 1950 च्या दशकात तिथून शिनजियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता काढला, तो 1957 साली पुरा केला आणि 1962 च्या युद्धात आपली पकड घट्ट केली.

‘कुणी का दिला असेना, गेला तर चीनकडेच ना,’ असे काकांनी गटावर लिहिले. मला नेमके हेच पटत नाही. ‘दिला’ म्हटले की देणाऱ्याकडे तो होता, असे आपणच कबूल करून बसतो. शक्सगामच्या बाबतीतही भारताने हा करार कधी मान्य केलेला नाही, आणि त्याचे कारण हेच आहे की जो प्रदेश पाकिस्तानचा नव्हता तो देण्याचा अधिकार त्याला पोहोचत नव्हता. गंमत अशी, की खुद्द करारालाही हे ठाऊक आहे. ज्या प्रदेशाचे संरक्षण पाकिस्तानच्या प्रत्यक्ष नियंत्रणाखाली आहे, अशी मोजूनमापून शब्दरचना त्यात केलेली आहे. पाकिस्तानचा प्रदेश असे म्हणण्याचे त्यात टाळले आहे. सहावे कलम तर सरळ सांगते की, भारत आणि पाकिस्तान यांच्यातला काश्मीरचा वाद मिटल्यावर संबंधित सार्वभौम सत्ता चीनशी पुन्हा वाटाघाटी करील आणि या कराराच्या जागी औपचारिक तह होईल. ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच सार्वभौमत्वाचा प्रश्न मोकळा ठेवला होता. तो काकांच्या मजकुराने देशभक्तीच्या भरात पाकिस्तानच्या बाजूने निकाली काढला.

मजकुरातली एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. आपल्याच जुन्या नकाशांत तिथली सीमा पक्की नव्हती, असे त्यात म्हटले आहे. 1954 पूर्वीच्या सरकारी नकाशांत लडाखच्या पूर्वेकडची हद्द अनिश्चित अशीच दाखवलेली असे आणि ठाम रेषा त्या वर्षापासून छापली जाऊ लागली, हे खरे आहे. पण तो भारत आणि चीन यांच्यातला प्रश्न झाला. त्यात पाकिस्तानला दाता म्हणून बसवण्याचे काहीच कारण नाही.

पाकव्याप्त काश्मीरबद्दलचे विधान अर्धे आहे आणि राहिलेले अर्धे फार मोठे आहे. गिलगिट-बाल्टिस्तान हा भाग मुझफ्फराबाद-मीरपूरच्या पट्ट्याच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि तो वगळला तर शक्सगाम पाकिस्तानच्या हाती आले कसे, हेच कळेनासे होते. 2 नोव्हेंबर 2019 रोजी भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या नकाशात गिलगिट हे लडाख या केंद्रशासित प्रदेशाच्या लेह जिल्ह्यात आहे. भाचीने हे वहीत वेगळे टिपून घेतले.

दोन रेषांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. नियंत्रण रेषा सिमला करारानंतर डिसेंबर 1972 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्या सैन्यांनी नकाशांवर आखून मान्य केली, तर चीनलगतच्या प्रत्यक्ष ताबा रेषेवर संपूर्ण लांबीची अशी आखणी भारत आणि चीन यांनी कधीच केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांचे म्हणाल, तर त्यांच्या नकाशात नियंत्रण रेषा आजही तुटक आहे आणि जम्मू-काश्मीरच्या अंतिम दर्जावर संबंधितांचे एकमत झालेले नाही, अशी टीप तिथे छापलेली असते. ती टीप आपल्याला आवडो वा न आवडो, ती नाहीच असे म्हणण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक सांगायला हवे. मजकुरासोबत जोडलेला नकाशा कुठल्यातरी परदेशी संकेतस्थळावरून उचललेला आहे आणि त्यात अक्साई चीन सरळ चीनच्या रंगात रंगवलेला आहे. सर्वेक्षण खात्याच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद 1961 च्या कायद्यात 1990 साली घातलेली आहे. काकांवर खटला भरण्याचा माझा विचार नाही. त्यांनी तो मजकूर आणखी कोणकोणत्या गटांवर टाकला आहे, तेवढे मात्र मला कळवावे, म्हणजे हा प्रतिवाद तिथेही पाठवता येईल.