ट्रम्पेट म्हणजे देवघरातली समई नव्हे

"पितळी वाद्यं सोन्यासारखी लखलखवा, तीही घरच्या वस्तूंनी!" हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा फोंड्याहून वहिनींचा फोन, "भाऊजी, चिंच किती भिजत घालू?" पुतण्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि शिगम्याच्या आधी तो ट्रम्पेट बादलीत बुडवायचा बेत ठरला होता!

मजकुरातला पहिला उपाय हाच: चिंच-मीठ किंवा सोलांच्या पाण्यात वाद्य रात्रभर ठेवा. चिंचेने पितळ उजळतं हे खरं, नाकारत नाही. दुरुस्ती करणारेही आतला क्षार काढायला सौम्य आम्ल वापरतात. पण सुटे भाग करून, काही मिनिटं, आणि लगेच धुऊन. समई जाडजूड ओतीव असते. ट्रम्पेटच्या नळीचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या पिवळ्या पितळात साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. आम्लात पडून राहिलं की आधी जस्त निघून जायला लागतं आणि गुलाबीसर, ठिसूळ तांब्याचे डाग उरतात. ते घासून जात नाहीत, कारण तो मळ नसतोच. शिवाय बहुतेक वाद्यांची चमक पितळाची नसतेच, वरच्या लॅकरची, म्हणजे पारदर्शक रोगणाच्या थराची असते. ते शाबूत असेल तर चिंचेला आत काही कामच नाही. कुठे टवका उडालेला असेल तर तिथून पाणी खाली शिरतं.

दुसरा उपाय, व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बोटांनी दाबायच्या खटक्यांमध्ये, खोबरेल. हे लिहिणारा गोव्यात हिवाळ्यात राहिलेला दिसत नाही. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. जानेवारीत पहाटे न्हाणीघरातली बाटली बघा. पिस्टन (व्हॉल्व्हचा वरखाली सरकणारा दट्ट्या) आणि त्याच्या नळकांड्यात फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. तिथे पाण्यासारखं पातळ व्हॉल्व्ह ऑइलच लागतं.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र डोकंच फिरलं. "आतून कधीही धुऊ नका, जुन्या गोंयकार वादकांचा सूर असाच पिकला." कुठल्या वादकाने सांगितलं? नाव नाही, गाव नाही. उलट, २०१० साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ट्रॉम्बोन (ट्रम्पेटसारखंच फुंकायचं पितळी वाद्य) वादकाची केस छापून आली. पंधरा वर्षं खोकला जाईना. शेवटी वाद्यातले नमुने तपासले, तर बुरशी आणि क्षयाच्या जंतूंच्या कुळातले जीवाणू. वाद्य नियमित स्वच्छ ठेवायला लागल्यावर खोकला ओसरला. हे परदेशातलं, आपल्याला लागू नाही असं म्हणाल, तर आपल्याकडे चार महिने पावसात चपलांनासुद्धा बुरशी येते! आणि वाद्यात तर थुंकी, वाफ, वर खाल्लेल्या भज्यांचे कण.

करायचं काय, तर फार काही नाही. वाजवून झालं की पाणी काढा, बाहेरून घामट बोटांचे ठसे पुसा. खाऱ्या हवेत ते लवकर डाग पाडतात. महिन्याभराने व्हॉल्व्ह आणि स्लाइड (ओढून निघणारे नळीचे तुकडे) काढून नळ्या कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाच्या थेंबाने, लवचिक ब्रशने धुवा. पाणी कढत नको, लॅकर सुटतं. पिस्टनवर १, २, ३ आकडे असतात, ते ज्याच्या त्याच्या जागी घाला. अदलाबदल झाली तर फुंकर अडते.

राहता राहिला "अडकलेला माउथपीस पक्कडीने पिळा" हा सल्ला. माउथपीस म्हणजे ओठाला लावायचा सुटा भाग. त्यासाठी पुलर नावाचं अवजार असतं, दुरुस्तीवाल्याकडे दोन मिनिटांचं काम. पक्कडीने पिळलात तर आतल्या नळीचा सांधा सुटतो, मग तो सोल्डर करून घ्या.