दिवे घाटातले फोटो काळे का आले: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वारीच्या फोटोंवरच्या लेखाखाली तुम्ही चांगलीच सणसणीत प्रतिक्रिया लिहिली आहे. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गोषवारा आधी देतो. लेखात दिलेलं शटर १/५०० सेकंद, ॲपर्चर एफ ८ (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं मोठं), आयएसओ २०० (मिळालेला प्रकाश किती वाढवायचा तो आकडा) हे सेटिंग तुम्ही दिवे घाटात जसंच्या तसं लावलंत आणि फोटो काळपट आले. वैतागून डायल ऑटोवर फिरवलीत, तेव्हा कुठे माणसं दिसू लागली. संध्याकाळी मुक्कामी, मांडवातल्या कीर्तनाच्या फोटोंवर आडवे पट्टे उमटले. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. मॅन्युअलमध्ये, म्हणजे सगळे आकडे हाताने लावायच्या मोडमध्ये, ऑटो आयएसओ लावणं ही तुमच्या मते लबाडी आहे, आणि आयएसओ ४०० च्या वर नेऊ नये असं तुम्हाला क्लासमध्ये शिकवलं होतं. शेवटी, ‘मॅन्युअल म्हणजे नुसता शहाणपणा मिरवणं’.

पहिली तक्रार शंभर टक्के मान्य. ते तीन आकडे कोणत्या उजेडातले, हे लेखात लिहायलाच हवं होतं. ते उघड्या उन्हातले आहेत. वारीच्या दिवसांत घाटावर ऊन कुठलं?

किती चुकलं ते मोजता येतं. जुना अंदाज असा: लख्ख उन्हात एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ २०० ला १/२००. सावल्या पुसट करणारे पांढुरके ढग आले की त्याच शटरला एफ ८, आणि दाट काळं आभाळ असेल तर एफ ५.६. म्हणजे तुमच्या त्या आभाळाखाली आयएसओ २०० ला एफ ५.६ आणि १/२०० लागत होतं. तुम्ही एफ ८ ठेवलंत, तिथे एक स्टॉप गेला, म्हणजे प्रकाश निम्मा झाला. १/५०० ठेवलंत, तिथे आणखी एक आणि एक तृतीयांश. एकूण दोन आणि एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे हवा होता त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच प्रकाश सेन्सरवर पडला. फोटो काळे येणार नाहीत तर काय? शटर आणि ॲपर्चर तसंच ठेवून आयएसओ १००० केला असता, तर काम भागलं असतं. बहुतेक कॅमेऱ्यांत एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. आयएसओच्या सात क्लिकचा प्रश्न होता.

त्या सात क्लिक तुम्ही दिल्या नाहीत, कारण ‘४०० च्या वर नाही’ हा नियम डोक्यात होता. तो नियम फिल्मच्या काळातला, आता त्याला चिकटून राहू नका. फोटोत खरखरीत दाणे येतात ते मुख्यतः सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओचा आकडा फक्त ते उघडे पाडतो. आयएसओ २०० वर काळा आलेला फोटो घरी संगणकावर सव्वादोन स्टॉप उजळून बघा. सावलीतल्या चेहऱ्यांवर जे दाणे दिसतील, ते १००० वर नीट घेतलेल्या फोटोपेक्षा कमी नसतील, बऱ्याच कॅमेऱ्यांत जास्तच असतील. आणि जेपेग (कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाइल) असेल तर सावल्यांत चिखल होतो तो वेगळाच. गेल्या दहाबारा वर्षांतला कुठलाही एपीएस-सी (मधल्या आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा १६०० पर्यंत निर्धास्त न्या. हललेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट सरळ होत नाही. दाणे कमी करता येतात.

आता ऑटोने काढलेल्या फोटोंविषयी. त्यातले टाळकऱ्यांच्या रांगेचे फोटो पुन्हा मोठे करून बघा: धोतरं आणि सदरे पांढरे आहेत की राखाडी? कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचा रंग ओळखत नाही. फ्रेममध्ये जे काही आहे त्याची सरासरी मध्यम राखाडी आली पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. फ्रेमभर पांढरे कपडे असले की तो प्रकाश कमी करतो आणि धोतर मळकं दिसतं. तोच कॅमेरा काळ्या छत्र्यांच्या घोळक्याकडे वळवला की प्रकाश वाढवतो, छत्र्या राखाडी होतात आणि मधला चेहरा पांढराफटक पडतो. वर आभाळ जास्त आलं की माणसं काळी. उजेड तोच, जागा तीच, तरी लागोपाठच्या तीन फोटोंत माउलींच्या रथाचा रंग तीन तऱ्हेचा. मॅन्युअलचा खरा उपयोग इथे आहे. उजेड बदलत नाही पण समोरचं दृश्य क्षणाक्षणाला बदलतंय, अशा वेळी एक्सपोजर (शटर, ॲपर्चर, आयएसओ यांची जोडणी) एकदा ठरवून ते कुलूपबंद करायचं.

ते ठरवायचं कसं, हे लेखात घाईघाईत उरकलं गेलं, म्हणून इथे सविस्तर.

आधी शटर ठरवा, कारण ते विषयावरून ठरतं, उजेडावरून नाही. चालणारी दिंडी: १/२५०. पावली, फुगडी, उड्या: १/५००. रिंगणात दौडणारा अश्व: १/१००० किंवा त्याहून वेगवान. मग ॲपर्चर. दिंडीची खोली हवी असेल तर एफ ८. एकाच आजोबांचा चेहरा हवा असेल तर लेन्स उघडेल तितकी उघडा. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सवर ५५ एमएमला, म्हणजे पूर्ण झूमला, ते एफ ५.६ असतं, आणि दोन मीटरवरच्या चेहऱ्यामागे-पुढे मिळून सुमारे पाऊण फूट ते फूटभर भाग धारदार येतो. चेहरा आणि पुढे धरलेले टाळ एवढ्याला पुरतं, मागच्या ओळीला नाही. सर्वांत शेवटी आयएसओ, आणि तो मीटर बघून.

मीटर दृश्यावर धरू नका. ज्या उजेडात दिंडी आहे त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरा, फ्रेम त्याने भरून टाका (फोकस नसला तरी चालेल, पण हातावर कॅमेऱ्याची सावली नको) आणि मीटरचा काटा शून्याच्या उजवीकडे, अधिक दोन तृतीयांश ते अधिक एकवर येईपर्यंत आयएसओ फिरवा. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. चेहऱ्याची कातडी सावळी असो वा गोरी, तळहातांत तेवढा फरक नसतो, म्हणून ही मोजपट्टी भरवशाची. हात मोकळा नसेल तर घाटातलं पावसाळी गवत घ्या. त्यावर काटा शून्यावर ठेवला की झालं. ओला डांबरी रस्ता घेऊ नका, काळाही असतो आणि चमकतोही.

मग एक फोटो काढा आणि पांढरं भाजलेलं क्षेत्र लुकलुकून दाखवणारी सूचना चालू करून बघा. टोपीचा एखादा कोपरा लुकलुकला तर हरकत नाही. अख्खा सदरा लुकलुकत असेल तर एक-दोन क्लिक खाली या. पताकांसाठी मात्र लाल-हिरवा-निळा असे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लागतो. भगव्यात लाल रंग आधी काठाला भिडतो. एकत्रित आलेख सगळं ठीक म्हणत असतो आणि पताकेच्या घड्या जाऊन नुसता नारिंगी डाग उरलेला असतो. स्क्रीनच्या उजेडावर विसंबू नका. उन्हात चांगला फोटो काळा वाटतो आणि रात्री काळा फोटो छान वाटतो. स्क्रीनचा उजेड ऑटोवरून काढून मधल्या आकड्यावर स्थिर करा.

इतकं करूनही फोटो अधूनमधून काळे येत असतील, तर दोन चोर तपासा. पहिला चोर तुमच्याच लेन्समध्ये. १८-५५ ची किट लेन्स १८ वर एफ ३.५ देते आणि ५५ वर एफ ५.६. १८ वर एफ ३.५ ला सगळं जुळवलंत आणि मग झूम केलंत, तर लेन्स गुपचूप एक आणि एक तृतीयांश स्टॉप प्रकाश खाते. मॅन्युअलमध्ये ती भरपाई कुणी करत नाही. मुळातच एफ ५.६ किंवा एफ ८ वर जुळवा, मग कितीही झूम करा. दुसरा चोर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, फोटो उजळ-गडद करायचं अधिक-उणे बटण. निकॉनच्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल मोडला हे बटण फोटोचा उजेड बदलत नाही, मीटरचा शून्य सरकवतं. आधीच्या कुठल्या तरी दिवशीचं उणे एक तिथे राहिलं असेल, तर तुम्ही काटा इमानेइतबारे शून्यावर आणाल आणि प्रत्येक फोटो एक स्टॉप काळा येईल.

गर्दीत फोकस शोधत बसायचं नसेल, तर आणखी एक सोय. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ एमएम, एफ ८ ठेवा, सव्वादोन मीटरवरच्या एखाद्या माणसावर फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. साधारण सव्वा मीटरपासून पार मागच्या डोंगरापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. कॅमेरा डोक्यावर धरून फोटो काढणाऱ्यांना याचा फार उपयोग. फक्त झूमच्या कड्याला धक्का लागला की हिशेब मोडला, तेव्हा त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा.

ऑटो आयएसओ लबाडी कशी? ढग दर अर्ध्या मिनिटाला फाटत आणि मिटत असतील, किंवा दिंडी झाडांच्या सावलीतून उन्हात येत असेल, तर हाताने मागे धावण्यात फोटो निसटतात. अशा वेळी शटर आणि ॲपर्चर तुमचं, आयएसओ कॅमेऱ्याचा. वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० लावून ठेवा. पण लेखात एक गोष्ट सुटली आणि तुमचा राग तिथे असता तर जास्त रास्त ठरला असता: ऑटो आयएसओ लावलात की मीटर पुन्हा मालक झाला. धोतराची राखाडी परत आली. मग पांढऱ्या रांगेसाठी कॉम्पेन्सेशन अधिक एक करावं लागतं, आणि काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल अधिक ऑटो आयएसओ या जोडीत ते करताच येत नाही. तुमचा त्यातला असेल तर सरळ ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोड (ॲपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) वापरा, ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर १/२५० ठरवून द्या (ती सोय असेल तर) आणि कॉम्पेन्सेशन अंगठ्याखाली ठेवा. कित्येक वृत्तपत्र छायाचित्रकार दिवसभर असंच काम करतात. त्यात कमीपणा नाही.

आता ते पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. शटर मात्र फ्रेम एकदम उघडत नाही. वेगवान शटरला एक फट फ्रेमवरून सरकत जाते, आणि प्रत्येक ओळीला वेगळ्या क्षणाचा उजेड मिळतो. यावरून रोगनिदानही करता येतं. फ्रेमचा एकच भाग हळूहळू काळवंडलेला किंवा पिवळा झाला असेल, तर यांत्रिक शटर आणि वेग जास्त. एकाखाली एक बरेच पट्टे असतील, तर तुमचा कॅमेरा सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर होता. ते सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचतं. कीर्तनात आवाज नको म्हणून ते लावलं असणार, हेतू चांगलाच. तरी बंद करा.

शटर १/१०० ठेवा, किंवा १/५०. म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचं एक किंवा दोन पूर्ण आवर्तनं मिळतात आणि उजेड सारखा पडतो. १/६० नाही; तो आकडा ६० हर्ट्झच्या देशांसाठी जुळतो. अमेरिकेतल्या मंडळाच्या हॉलमध्ये फोटो काढणाऱ्यांनी १/६० किंवा १/१२५ घ्यावं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा: तो उजेड चढलेला क्षण पकडून शटर सोडतो, म्हणून बटण दाबल्यावर किंचित उशीर होतो. मागे एलईडीची मोठी स्क्रीन असेल तर मात्र तिची लुकलुक विजेच्या हिशेबाने चालत नाही. १/१०० वरही पट्टे दिसले तर १/८०, १/५० असं करून बघायचं, दुसरा उपाय नाही.

१/१०० ला टाळांचे हात हलणारच. टाळ एकमेकांपासून लांब जाऊन परत फिरतात, त्या टोकाला हात क्षणभर थबकतो, तिथे दाबा. मांडवात ५० एमएम एफ १.८ ची लेन्स सगळ्यांत जास्त कामाची. तिच्यावर आयएसओ ८०० पुरत असेल, तिथे एफ ५.६ च्या किट लेन्सला सव्वातीन स्टॉप जास्त, म्हणजे आठ हजाराच्या घरातला आयएसओ लागतो. एफ १.८ ला दोन मीटरवर जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटर भाग धारदार येतो, तेव्हा फोकस बुवांच्या डोळ्यावर, वीणेच्या खुंटीवर नाही.

राहिला रिंगणाचा प्रश्न, तो तुम्ही ओझरता विचारलाय. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण असो की बेलवाडीचं गोल, अश्व समोरून जाण्याचा वेळ काही सेकंदांचाच. एक्सपोजर आधीच जमिनीवरून किंवा तळहातावरून पक्कं करून ठेवा, सतत फोकस आणि सलग फोटो चालू ठेवा. गोल रिंगणात अश्वाच्या फेऱ्या होतात, म्हणून पहिली १/१००० वर घ्या आणि पुढच्या फेरीला १/६० वर येऊन कॅमेरा अश्वाबरोबर फिरवा. हा चार स्टॉपांचा फरक आहे, तो कुठून भरायचा हे आधीच ठरवा: आयएसओ १६०० चा ४००, आणि एफ ५.६ चा एफ ११. कॅमेऱ्यात सी१, सी२ अशा जागा असतील तर दोन्ही जोड्या तिथे साठवून ठेवा. ऐनवेळी तीन डायली फिरवणं जमत नाही.

मूळ लेखात आता त्या तीन आकड्यांपुढे ‘ऊन’ असं लिहिलं आहे आणि दाट ढगांसाठी आयएसओ १००० ची वेगळी ओळ घातली आहे. काळे आलेले दोन-तीन फोटो पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर त्यातली शटर, ॲपर्चर, आयएसओची नोंद गळून पडते.