पाण्याच्या चालीने

पुण्यात सपाटीवर चालायचा सल्ला मिळालेल्या माणसाला मोजक्याच जागा उरतात. बागेत गोल गोल फिरून भोवळ येते, टेकडीवर चढ असतो आणि पदपथावर दुचाकी असतात. मग कुणीतरी सांगतं, "कालव्याने जा की! एकदम सपाट." सांगणारा स्वतः कालव्याने कधी गेलेला नसतो. सल्ला मात्र खरा आहे. कालव्याचा काठ सपाट असतो, कारण सपाट असणं हेच त्याचं काम आहे. पंचाईत एवढीच की ही सपाटी पाण्याच्या सोयीने आखलेली आहे आणि पाण्याला नाश्त्याच्या आत घरी पोचायचं नसतं.

खडकवासल्याचं धरण पुरं झालं १८७९ मध्ये. आखणी फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरची, म्हणून जलाशयालाही तेव्हा फाइफसाहेबाचंच नाव होतं. धरणातून दोन कालवे निघाले, मुठेच्या उजव्या तीरावर एक आणि डाव्या तीरावर एक. पाण्याने जायचं ते आपल्या वजनाने. अशा कालव्याला किलोमीटरमागे वीत-दोन वीत उतार पुरतो. जास्त दिला तर पाणी धावत सुटतं आणि तळ-काठ खरवडून काढतं. कमी दिला तर गाळ बसतो, गवत माजतं. म्हणजे जमीन वर-खाली होत असली तरी कालव्याला समपातळीची रेघ धरूनच जावं लागतं. टेकडी आली की तिच्या पायथ्याने वळसा. ओढा आला की त्याच्या खोऱ्यात आत शिरायचं, अरुंद जागा बघून पलीकडे जायचं आणि पुन्हा तेवढंच बाहेर यायचं.

चालणाऱ्याला याचा अर्थ कळतो तो अर्ध्या तासाने. पर्वती समोर दिसत असते, आता आलीच असं वाटत असतं, आणि कालवा शांतपणे वळून भलतीकडेच निघतो. गुडघे खूश असतात, घड्याळ नसतं. नकाशात बोट ठेवून मोजलेलं सरळ अंतर इथे कामाचं नाही. निळ्या रेघेवरून बोट फिरवा, जो आकडा येईल त्यात पूल, कुंपणं आणि संभाषणं यांच्यासाठी तिसरा हिस्सा आणखी धरा.

दिशेचा नियम सोपा आहे. धरणाकडे पाठ करून उभं राहायचं. उजव्या कालव्यावर असाल तर डोंगर उजव्या हाताला आणि नदी डाव्या हाताला. डाव्या कालव्यावर याच्या उलट. कालवा कितीही वेडावाकडा वळला तरी हे बदलत नाही. बदललंच, तर तुम्ही कालवा सोडून एखाद्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत शिरला आहात.

आता चालायचं कुठल्या काठाने? डोंगराकडचा काठ बहुतेक ठिकाणी जमीन कापून निघालेला असतो आणि नदीकडचा काठ त्याच मातीचा भराव घालून रचलेला असतो. देखरेखीचा रस्ता असतो या भरावावर. तोच रुंद, तोच चालण्याजोगा. म्हणजे उजव्या कालव्यावर डाव्या काठाने चालायचं. हे फोनवर सांगून कुणाशी भेट ठरवू नये. दोन शहाणी माणसं मधे पाणी ठेवून एकमेकांना हात करत उभी राहतात, आणि पलीकडे जायचा पूल कायम मागे राहिलेला असतो.

भरावावरून चालताना नजर पाण्याकडे कमी आणि बाहेरच्या उताराकडे जास्त ठेवावी असं माझं मत आहे, कारण खरा मजकूर तिकडे असतो. उंदीर, घुशी, खेकडे भरावात बिळं करतात. बीळ आरपार गेलं की पाण्याला वाट मिळते. आधी नुसता पाझर दिसतो. मग पाणी जाता जाता मातीचे कण घेऊन जातं, भोक रुंदावतं, रुंदावलेल्या भोकातून आणखी जोराने पाणी जातं आणि एका दिवशी वरचा भराव खाली बसतो. म्हणून उताराच्या पायथ्याशी ओल दिसली तर ती स्वच्छ आहे की गढूळ हे बघायचं. स्वच्छ पाझर एक वेळ चालतो. गढूळ पाझर म्हणजे भराव पाण्याबरोबर चालायला निघाला आहे.

२७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलाच्या दिशेने सुटलं. शेकडो घरांतला संसार भिजला. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी कारणांत उंदीर-घुशी-खेकड्यांची नावं घेतली आणि महाराष्ट्रभर थट्टा झाली. स्थापत्याच्या दृष्टीने त्यात चुकीचं काही नव्हतं, मातीच्या भरावाचे हे जुनेच वैरी आहेत. थट्टा झाली ती बिळं कुणी बुजवायची हा प्रश्न घुशीला विचारता येत नाही म्हणून. अशा गोष्टी कळवायच्या असतील तर पाटबंधारे खात्याला कळवाव्यात. "ते मोठं पिंपळाचं झाड आहे ना, त्याच्या जरा पुढे" असं सांगण्यापेक्षा काठावरच्या दगडावर रंगवलेला साखळी क्रमांक सांगावा. धरणापासूनचं कालव्यावरचं अंतर त्यातून कळतं. पिंपळ या कालव्यावर किती आहेत ते खात्यालाही ठाऊक नसावं.

पूल ही खरी परीक्षा. रस्ता आडवा आला की कालवा मोरीतून खालून निघून जातो आणि तुम्ही वर राहता. दुभाजकात फट नसते, सिग्नल दोनशे पावलं लांब असतो. तिथवर जाऊन, रस्ता ओलांडून, उलट चालत परत यायचं, आणि तिथे पत्र्याचं कुंपण असतं. कालवा पुन्हा कसा ओळखायचा? झाडांची रांग बघायची. पाझराच्या ओलीवर वाढलेली झाडं इमारतींच्या गर्दीतही सलग दिसतात. उपग्रहाचं चित्र उघडलं तर आणखी सोपं जातं, नुसत्या नकाशात भिंती दिसत नाहीत. लोकांना विचारायचं असेल तर दोघांना विचारू नये. पहिला "सरळ जा" म्हणतो, दुसरा "पुढे रस्ताच नाही" म्हणतो आणि दोघंही बरोबर असतात. स्वारगेटच्या आसपास तर कालव्याचा नाद सोडावा, रस्त्याने निघावं आणि एम्प्रेस गार्डनपाशी त्याला पुन्हा गाठावं. तिथून हडपसरकडे तो बराच मोकळा वागतो.

कुत्र्यांचं राज्य पुलागणिक बदलतं. एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत एक टोळी तुम्हाला पोचवते, मग पुढच्या टोळीच्या ताब्यात देते. धावायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, काठी असेल तर ती खाली टेकलेली ठेवायची. उगारलेली काठी हे युद्धाचं आमंत्रण समजलं जातं. पायांत जाड तळव्याचे बूट हवेत. बाभळीचा काटा आणि फुटकी बाटली दोन्ही गवतात असतात, आणि सँडलला दोन्ही सारखेच.

कधी जायचं, हे पंचांगावर नसून आवर्तनावर, म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या पाळीवर आहे. उजव्या कालव्याचं पाणी दौंड-इंदापूरकडच्या शेतीलाही जातं. कधी आणि किती सोडायचं यावर कालवा सल्लागार समितीत दरवेळी खडाजंगी होते. शहर म्हणतं प्यायला हवं, शेतकरी म्हणतात पीक जळतंय. निर्णय झाला आणि कालवा भरून वाहू लागला की काठ थंड असतो, डास कमी असतात, वासही फारसा येत नाही. आवर्तन बंद झालं की आठवड्याभरात डबकी उरतात आणि शहराने वर्षभर काय काय टाकलं त्याचं प्रदर्शन उघडतं: थर्माकोलची मखरं, निर्माल्याच्या पिशव्या, गाद्यांचे फोम, आणि एक तरी हेल्मेट.

भरलेल्या कालव्याच्या बाबतीत मात्र विनोद पुरे. अस्तर केलेल्या भागात आतली बाजू तिरकी आणि गुळगुळीत असते, तिच्यावर शेवाळ धरतं. पडलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काही लागत नाही आणि पाय ठरत नाही. पाणी वरून संथ दिसतं, पण ओढ चांगली असते. हात-पाय धुवायला, चेंडू काढायला, फोटोसाठी, कशासाठीही उतरू नये. कुणी पडलंच तर मागे उडी घेऊ नये. ओढणी, दोर, लांब फांदी, जे हाताशी असेल ते टाकावं, आणि काठाने प्रवाहाच्या दिशेने त्याच्या पुढे पळावं, कारण तो जागेवर थांबलेला नसतो. पायऱ्या कुठे आहेत ते येतानाच बघून ठेवलेलं बरं.

एवढं सगळं नको असेल त्याने डाव्या कालव्याकडे जावं. तो पाण्याच्या कामातून निवृत्त झाला आहे. वारजे, कर्वेनगर, एरंडवणे, विधी महाविद्यालयाच्या टेकडीचा पायथा अशी त्याची जुनी वाट. बऱ्याच भागात तो बुजवला गेला, त्यावर रस्ते झाले आणि पाट्यांवर 'कॅनॉल रोड' एवढंच राहिलं. तरीही तिथून चालताना पायांना कळतं की हा रस्ता रस्ता म्हणून जन्मलेला नाही. चढ नाही, उतार नाही, आणि मधेच विनाकारण एक लांबलचक वळण. ते वळण कारणाशिवाय नाही. टेकडीची समपातळीची रेघ तिथे आत गेलेली आहे. वाहनचालक ब्रेक दाबून नगररचनाकाराला नावं ठेवतो आणि शिव्यांचा खरा धनी मोकळा सुटतो, तो गेल्या शतकाच्याही मागचा सर्वेअर. उजव्या कालव्याचंही पुढेमागे असंच करायचा बेत आहे, पाणी खडकवासल्याहून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून न्यायचं आणि वरची जागा मोकळी करायची. मोकळी जागा पुण्यात किती वेळ मोकळी राहते हे सर्वांना माहीत आहे, तेव्हा चालायचं असेल त्यांनी आत्ताच चालून घ्यावं.

तिसरी वाट ज्यांना चालण्यापेक्षा शोधण्यात रस आहे त्यांची. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणलं. पंप इथेही नव्हता, पुन्हा उताराचाच भरवसा. नळ म्हटलं की बोटभर जाडीचा डोळ्यांसमोर येतो, पण हा माणूस उभ्याने आत चालू शकेल एवढा उंच आहे. अंतराअंतरावर त्याला वर उच्छ्वास बांधले आहेत. आतली कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढायला आत उतरता यावं म्हणून. हवा अडकली तर पाण्याचा प्रवाह आखडतो, हे बांधणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं.

वाट अशी: कात्रजचा तलाव, बालाजीनगर, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा, मग पेठा. साधारणपणे आंबिल ओढ्याचं खोरं धरून. पाणी दिसत नाही, नळ दिसत नाही, दिसले तर उच्छ्वास दिसतात, तेही सगळे नाहीत. काही सोसायटीच्या आवारात आहेत, काही टपरीच्या मागे, काही रस्त्याच्या कडेला रंग फासून घेऊन उभे. "इथे पेशवेकालीन जलव्यवस्थेचा अवशेष कुठे आहे?" असं विचारलंत तर समोरचा तुम्हाला महापालिकेचा माणूस समजून दार लावून घेतो. "ते जुनं दगडी, ज्याच्यावर वाढदिवसाचे फलक लावतात ते" म्हटलं की लहान मूलही बोट दाखवतं. रखवालदाराला आधीच सांगावं की आपल्याला फ्लॅट बघायचा नाही. त्याचा विश्वास बसत नाही, पण वहीत सही घेऊन तो आत सोडतो. झाकण उचलून आत डोकावू नये. बंद भुयारातल्या हवेचा भरवसा नसतो, आणि रखवालदाराची सहनशक्तीही तेवढी नसते.

पेठांत शिरल्यावर नळाचं पाणी हौदांत जाई आणि लोक तिथून भरत. आता फडके हौद, काळा हौद, बदामी हौद हे पत्ते झाले आहेत. तिथे हौद शोधत वर्दळीत उभं राहू नये, मागून हॉर्न वाजतात. शनिवारवाड्यापाशी वाट संपते. परत कात्रजला जायचं तर बाजीराव रस्त्यावर उभं राहायचं. शिवाजी रस्त्यावर राहिलात तर समोरून जाणाऱ्या सगळ्या बस कात्रजहून येणाऱ्या असतील. पाणी कात्रजपासून इथवर जमिनीखालून आलं त्याला पावणेतीनशे वर्षं होत आली. माणसांची तशी सोय, म्हणजे भुयारी मेट्रो, इथून स्वारगेटपर्यंत झाली आहे. स्वारगेट ते कात्रज व्हायची आहे. तोवर बस, आणि सुटे पैसे हातात ठेवा.