टायर किती किलोमीटर चालला हा प्रश्नच अर्धवट आहे

बाईकच्या टायरबद्दल कोणालाही विचारा, उत्तर किलोमीटरमध्येच येतं. माझा मागचा १५ हजार गेला, अरे माझा २० हजार झाला आणि अजून थ्रेड (टायरवरची खाचांची नक्षी) आहे बघ, आणि मग दोघंही खाली वाकून एकमेकांच्या टायरवर अंगठा फिरवणार. त्या २० हजारातले शेवटचे ८ हजार बाईक वळणात कशी वागत होती हे मात्र कोणी सांगत नाही. विचारतही नाही कोणी. माझं मत असं आहे की मोटरसायकलचा टायर थ्रेड संपल्यावर संपत नाही, त्याची गोलाई गेली की संपतो, आणि ती थ्रेडच्या खूप आधी जाते. त्यामुळे दोन टायरची तुलना करायची तर गोलाई टिकेपर्यंतचे किलोमीटर धरा, त्यानंतरचे नुसते ढकललेले असतात.

कारचा टायर रस्त्यावर सपाट टेकतो आणि सपाटच टेकून आयुष्य काढतो, झिजला तरी त्याचा आकार फारसा बदलत नाही. बाईक वळते ती आडवी होऊन. टायर मधून कडेकडे गोल उतरता असतो, बाईक जशी आडवी होते तशी टेकणारी जागा मधून कडेला सरकत जाते, आणि हे सरकणं जितकं सलग तितकी बाईक वळणात गुळगुळीत उतरते. आता सरळ रस्त्यावर, लोड टाकून, महिनोन्महिने चालवलं की मागच्या टायरचा फक्त मधला पट्टा घासतो आणि तिथे चक्क सपाट फळी तयार होते, तिच्या दोन्ही बाजूंना धार. अशी बाईक वळणात टाकायला गेलं की आधी नको म्हणते, हँडल जड लागतं, आणि त्या धारेवरून पलीकडे गेली की एकदम पडल्यासारखी आत जाते. थ्रेड असतो, खाचा दिसत असतात, आणि मालक म्हणतो टायर अजून भरपूर आहे.

(लांब पल्ल्याच्या जड बाईकवाल्यांमध्ये एक जमात मागे सरळ कारचा टायर बसवते, का तर तो संपतच नाही. संपत नाही हे खरंय, पण वळणात ती बाईक टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेच्या कोपऱ्यावर चालते. टायर कंपन्या याला स्वच्छ नको म्हणतात. किलोमीटरचा हट्ट टोकाला नेला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.)

हे सगळं इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला कळतच नाही, आपलं शरीर रोज थोडं थोडं जुळवून घेतं. म्हणूनच नवीन टायर बसवल्यावर प्रत्येकजण आपला टायर जगात भारी म्हणतो. साहजिक आहे, चपट्या कडक टायरवरून गोल ताज्या टायरवर आलात, कुठलाही घातला असता तरी बाईक हलकी वाटलीच असती. पहिल्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू मी वाचत नाही. एकतर नव्या टायरचा वरचा थर घासला जाऊन खरी ग्रिप यायला साधारण १५० किमी तरी जातात, तोवर नीट सांभाळूनच चालवायचं असतं, आणि दुसरं म्हणजे तुलना जुन्या मेलेल्या टायरशी चाललेली असते. खरा रिव्ह्यू अर्धा थ्रेड गेल्यावर लिहायचा असतो.

यात आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत कारच्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा छापलेला असतो, २०० पेक्षा ४०० वाला जास्त चालेल असा साधारण हिशोब. मोटरसायकलच्या टायरला तो नियमच लागू नाही. युरोपात टायरवर ओल्या रस्त्यावरच्या ग्रिपचं वगैरे लेबल लागतं, तेही कार, व्हॅन, ट्रकच्या टायरांना, मोटरसायकलला नाही. म्हणजे बाईकवाल्याकडे तुलनेसाठी अधिकृत असं काहीच नाही, जाहिरात आहे आणि मित्राचा अंगठा आहे.

मग मोजायचं. खाचांची खोली मोजणारी थ्रेड डेप्थ गेज नावाची छोटीशी वस्तू मिळते, आणि मी तर म्हणीन की महागडं चेन क्लीनर घेण्याआधी ही घ्या. नवीन टायर बसवला त्याच दिवशी मधली खोली आणि दोन्ही कडांची खोली लिहून ठेवायची, कारण नव्या टायरमध्येही कडेच्या खाचा बऱ्याचदा मधल्यापेक्षा उथळ असतात, तो फरक माहीत नसेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. समजा मध्ये ७ मिमी होती आणि ४ हजार किमीनंतर ५ मिमी राहिली, म्हणजे हजाराला अर्धा मिमी. २ मिमीला टायर काढायचा ठरवला तर अजून ६ हजार हातात. आता कडेचं बघा. मध्ये २ मिमी गेली आणि कडेला काहीच गेलं नसेल तर गोलाई बिघडायला लागलीये, मध्ये २ आणि कडेला १ गेली असेल तर टायर बऱ्यापैकी सगळीकडून झिजतोय. या एका फरकातून जे कळतं ते २० हजाराच्या बढाईतून कळत नाही.

खाचांच्या तळाला टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, छोटे उंचवटे असतात, मोटरसायकलच्या टायरला ते साधारण ०.८ मिमीचे. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. खाचांचं काम पाणी बाजूला काढणं, खोली कमी झाली की पाणी जायला जागा कमी. पावसाळा तोंडावर असेल तर मी २ मिमीच्या आसपासच काढतो, मग लोक हसले तरी चालेल.

आता कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण. सॉफ्ट रबर धरतं छान पण लवकर घासतं, हार्ड रबर टिकतं पण ओल्यात आणि थंडीत घाबरवतं, ही जुनी गोष्ट. रबरात सिलिकाची बारीक पूड मिसळायला लागल्यापासून ती थोडी बदलली, सिलिका मिसळलेलं रबर ओल्या आणि थंड रस्त्यावरही मऊ राहून धरतं, म्हणून आजचे चांगले स्पोर्ट टूरिंग टायर एकाच वेळी टिकतात आणि पावसातही चालतात. त्यातून ड्युअल कंपाउंड, मध्ये कडक आणि कडेला मऊ. लोकांना वाटतं हे कॉर्नरिंगवाल्यांसाठी आहे. मला तर याचा खरा फायदा रोज सरळ रस्त्यावर चालवणाऱ्याला दिसतो, कारण मधला कडक पट्टा सपाट व्हायला वेळ लावतो, म्हणजे गोलाई जास्त दिवस टिकते. मिशलिन रोड ५ च्या मागच्या टायरमध्ये तर मधलं कडक रबर कडेच्या मऊ रबराच्या खालूनही गेलेलं आहे, आडवी केल्यावर कड लिबलिबीत लागू नये म्हणून. काँटिनेंटलवाले रोडअटॅक मालिकेत वेगळ्याच वाटेने गेले, रबर एकच पण भाजताना मध्ये आणि कडेला उष्णतेचा फरक ठेवायचा, त्यामुळे दोन रबरांचा जोडच नाही. दोन्ही पद्धतींचे भक्त आहेत आणि दोघांची भांडणं वाचायला मजा येते.

रोड ५ चीच अजून एक गोष्ट मला आवडली. त्याच्या बारीक खाचा वरून अरुंद आणि आत खाली रुंद होत जातात, म्हणजे टायर झिजला की खाच उलट मोठी होते. आणि कंपनीचा दावा काय, तर ५ हजार किमी चाललेला रोड ५ ओल्या रस्त्यावर कोऱ्या करकरीत पायलट रोड ४ इतक्याच अंतरात थांबतो. दावा कंपनीचा, तुलना स्वतःच्याच जुन्या मॉडेलशी, त्यामुळे जितकी मिठाची चिमूट टाकायची तितकी टाका. पण प्रश्न बरोबर विचारला ना त्यांनी! चाललेला टायर कसा आहे. बाकी सगळे कोऱ्या टायरचे फोटो दाखवतात.

हँडलिंगबद्दल बोलताना लोक ग्रिप आणि हँडलिंग एकच समजतात. ग्रिप म्हणजे किती धरतो, हँडलिंग म्हणजे तिथपर्यंत नेतो कसा. जरा टोकदार प्रोफाइलचा (टायरच्या गोलाईचा आकार) पुढचा टायर बाईक पटकन आत टाकतो, गोल प्रोफाइलचा सावकाश आणि अंदाज देत. पिरेली डायब्लो रोसो ४ सारखा स्पोर्टकडे झुकलेला टायर आणि मेट्झलर रोडटेक ०१ सारखा टूरिंग टायर, दोन्ही उत्तमच, पण रोजच्या थंड सकाळी ट्रॅफिकमधून दहा मिनिटं चालवणाऱ्याला स्पोर्टवाला पूर्ण तापतच नाही आणि ज्या ग्रिपचे पैसे दिले ती त्याला कधी दिसतच नाही. हे सांगितलं की पोरं नाराज होतात. कडेला बोटभर रबर कोरं असतं, म्हणजे बाईक तितकी आडवी कधी केलेलीच नसते, तरी ट्रॅकचा टायर हवा.

रुंद टायरचं वेड तर विचारूच नका. तोच रिम, त्यावर दोन साइज रुंद टायर, मागून दिसते एकदम दणकट. होतं काय की टायरच्या कडा आत ओढल्या जातात, प्रोफाइल नको तितका टोकदार होतो, रुंदीचा जो भाग विकत घेतला तो रस्त्याला लागतच नाही, वर वजन वाढून पिकअप आणि मायलेज दोन्ही मार खातात. आणि रुंद टायर असेल तर त्याच वळणाला त्याच स्पीडला बाईक उलट थोडी जास्तच आडवी करावी लागते. कंपनीने दिलेला साइज, लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा) आणि स्पीडचं अक्षर (किती वेगापर्यंत चालतो ते), हे तीन जुळवा आणि विषय संपवा. पुढे रेडियल मागे बायस (आतल्या धाग्यांची रचना वेगळी असलेले दोन प्रकार) असली खिचडी तर अजिबात नको, दोघांच्या बाजूच्या भिंती वेगवेगळ्या वाकतात आणि बाईक हायस्पीडला डुलायला लागते.

या सगळ्या तुलनेची वाट लावणारी गोष्ट म्हणजे हवा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो, कडा खातो, पुढच्याला खाचांमधले रबराचे ठोकळे एका बाजूने घासून खवले पडल्यासारखे होतात आणि हँडलमधून घरघर यायला लागते. जास्त असली की नुसता मधला पट्टा जातो. मग तो मनुष्य लिहितो, अमुक टायर बेकार, ५ हजारात चपटा झाला. अरे पण हवा किती होती? आणि ती मोजली कधी, राईड संपवून टायर गरम असताना? हवा थंड टायरमध्ये मोजायची, बाहेरचं तापमान १० अंशांनी बदललं तरी साधारण १ ते २ पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे थंडीत मोजलेली हवा उन्हाळ्यात आणि उन्हाळ्यातली थंडीत चालत नाही. ज्या रिव्ह्यूमध्ये हवेचा आकडा नाही, बाईकचं वजन नाही, रस्ता कसला ते नाही, तो माझ्यासाठी गप्पा आहे. खडबडीत खडीच्या रस्त्यावर आणि गुळगुळीत डांबरावर तोच टायर दोन वेगळी आयुष्यं जगतो.

आता पैशाचं. किंमत भागिले किलोमीटर हे गणित सगळे करतात. समजा एका टायरची किंमत १ धरली, तो १२ हजार चालतो. दुसरा दीडपट महाग, चालतो १६ हजार. सरळ भागाकार केला तर पहिला स्वस्त. पण पहिला ६ हजारालाच चपटा झाला आणि दुसऱ्याने १२ हजारापर्यंत गोलाई धरली, तर चांगल्या किलोमीटरमागे दुसरा बराच स्वस्त पडतो. आकडे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही मोजून घाला, निकाल उलटाही येईल. त्यात फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह हे प्रत्येक वेळी पुन्हा द्यावं लागतं तेही धरा, लवकर संपणाऱ्या टायरला हा खर्च जास्त वेळा लागतो. आणि उलट बाजूही सांगतो, महिन्यातून चारदा शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने महागडा टूरिंग टायर घेऊन काही उपयोग नाही, तो झिजायच्या आधी म्हातारा होईल. रबर नुसतं उभं राहूनही कडक पडतं. मिशलिनसारखी कंपनी सांगते की ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि १० वर्षांनी थ्रेड असो नसो काढून टाका.

म्हणून घेताना साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूवरचे) ते चार आकडे वाचा, टायर बनला त्याचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ च्या २३व्या आठवड्यातला. मोठा डिस्काउंट दिसला की मी सगळ्यात आधी तिथेच बघतो.

एक राहिलंच, पुढचा टायर. मागचे दोन बदलले तरी पुढचा तोच, कारण तो कमी झिजतो. पण जोरात ब्रेक मारल्यावर सगळा भार पुढे येतो, ओल्या रस्त्यावर आधी पाणी कापतो तोही पुढचाच, आणि मागचा सरकला तर बहुतेक वेळा सावरता येतो, पुढचा सरकला की वेळच मिळत नाही. त्यामुळे बजेट तुटपुंजं असेल तर माझा हात पुढच्यासाठी सैल असतो, मागे त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला जोडीदार, आणि दोन्हींची झीज वेगळी लिहून ठेवतो.

ज्यांनी गेजने मोजलंय त्यांनी कमेंटमध्ये टाका, टायर कुठला, बाईक कुठली, थंड हवा किती ठेवता, आणि मधली आणि कडेची खोली किती किलोमीटरला किती होती. नुसतं "मख्खन टायर आहे भावा" नको.