गुटीचे वेढे आणि बडीशेपेचा चहा

साताऱ्याला वहिनीचं बाळ महिन्याचं झालं. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीसुद्धा नको. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. "आपलं ते सगळं वाईट आणि परदेशातलं तेवढं चांगलं का?" मावशीने विचारलं. हॅम्बुर्गला बसून मला त्याचं उत्तर द्यावंसं वाटतं.

माझी लेक पाच आठवड्यांची असताना संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडायला लागायची, ती नऊ-नऊ वाजेपर्यंत. आई येताना सहाण घेऊनच आली होती. मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. पण वेढा हे माप नव्हे. हात जड पडला तर जास्त उगाळलं जातं, आणि जायफळाने बाळाला गुंगी येते. वेखंड तर अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे.

इथे बाळंतिणीकडे सुईण घरी येते. तिने सांगितलं, जर्मन आज्या पोटदुखीवर बाळाला बडीशेपेचा चहा पाजत आल्या. तीही पूर्वी तोच सुचवायची. मग बडीशेपेतल्या एस्ट्रागोल या घटकाबद्दल शंका निघाली, आणि युरोपीय औषध संस्थेने चार वर्षांखालच्या मुलांना तो न देण्याचा सल्ला दिला. आज्या इथेही रागावल्या. मावशी, प्रश्न आपलं-परक्यांचं नाहीच गं. आपण घरोघरी दिलेलं ग्राइप वॉटरही विलायतीच, १८५१ मध्ये नॉटिंगहॅमला निघालेलं, आणि त्यात पूर्वी अल्कोहोल असायचं.

हे दुखणं बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. त्या सुमारास जे दिलेलं असतं, त्याचाच गुण आला असं वाटतं.

आईने सहाण उचलून ठेवली, पण ओव्याची पुरचुंडी मात्र हाताशीच राहू दिली. तव्यावर गरम करायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग बाळाच्या पोटावर. सुईणीने चेरीच्या बियांची छोटी उशी आणून दाखवली, काम तेच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने उशी नाकाशी धरली, सुईणीने ओवा.

वहिनीला मी एवढंच कळवलं: गुटी नको, पण मावशीला शेकायला जरूर बोलव. बाळाला ताप आला, हिरवी उलटी झाली किंवा त्याने दूध पिणं सोडलं, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठ.